क्लेझमर: लग्नातली वाजंत्री, तबकड्या आणि यिडिश गाण्याचा दुसरा जन्म

मारवा
१९७८ साली न्यूयॉर्कमध्ये एक मैफल झाली. डेव्ह टॅरस हा ऐंशीच्या आसपासचा क्लॅरिनेटवादक कितीतरी वर्षांनी मोठ्या श्रोतृवर्गासमोर बसला. त्याला तिथवर आणणारे दोघे तरुण होते, अँडी स्टॅटमन आणि झेव्ह फेल्डमन. हॉल तुडुंब भरला. ज्यांच्या आईवडिलांनी हे संगीत जुनाट म्हणून मागे टाकलं होतं, अशी मुलं तिथं बसून ते ऐकत होती.

इथं बऱ्याच जणांना विषय नवा असेल म्हणून थोडक्यात सांगतो. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात वाजवणारी मंडळी. आता त्यांच्या संगीतालाही तेच नाव पडलं आहे. युक्रेन, पोलंड, लिथुआनिया, रोमानिया, मोल्दोव्हा हा त्यांचा मुलूख. ताफ्यात मुख्य वाद्य फिडल, सोबत दुसरं फिडल, त्सिंबल (आपल्या संतूरच्या नात्यातलं, काठ्यांनी वाजवायचं तंतुवाद्य) आणि चेलो किंवा बास. क्लॅरिनेट आलं ते एकोणिसाव्या शतकात. धंदा पिढीजात, बापाकडून मुलाकडे जाणारा. समाजात मान कमी, पण त्यांच्याशिवाय लग्न लागत नसे. विधीच्या आधी नवरीला बसवून 'बदखन' नावाचा शीघ्रकवी यिडिशमध्ये (तिथल्या ज्यूंच्या बोलीभाषेत) यमकं जुळवत तिला पुढच्या आयुष्याची जाणीव करून देई. नवरी रडे, बायका रडत, आणि फिडलवाला त्याच्या ओळीमागून ओळ धरत जाई. नाचाचा धडाका त्यानंतर.

१८८१ नंतर लाखो ज्यू अमेरिकेला गेले, त्यांत हे वादकही होते. नाफ्तुले ब्रँडवाइन १९०८ मध्ये गॅलिशियातून (आजच्या पोलंड-युक्रेनमधला भाग) आला, टॅरस १९२१ मध्ये युक्रेनमधून. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, जिथं आलेल्यांची तपासणी होई, सामानाचं निर्जंतुकीकरण करताना टॅरसचं क्लॅरिनेट खराब झालं आणि सुरुवातीला त्याला फरच्या कारखान्यात काम करावं लागलं. पुढे या दोघांच्या ७८ आरपीएम तबकड्या घरोघरी गेल्या. मग १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचं दार जवळपास बंद झालं आणि नव्या माणसांचा ओघ आटला. दुसऱ्या पिढीला स्विंग, म्हणजे नाचाचं जॅझ, हवं होतं. युरोपात तर ऐकणारा समाजच मारला गेला. युद्धाआधी जगात सुमारे एक कोटी दहा लाख लोक यिडिश बोलत. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य त्यांतलेच होते.

माझं म्हणणं एवढंच: हे संगीत तबकड्यांनी वाचवलं असं जे सरसकट लिहिलं जातं ते अर्धं खरं आहे. तबकडीने सूर दिले. पण कोणत्या सुरावर थांबायचं, नाचणारा दमला की लय कशी सोडायची, नवरीजवळ कसं वाजवायचं, हे ज्यांनी म्हाताऱ्या वादकांशेजारी बसून घेतलं त्यांच्याच वादनात ते उतरलं. स्टॅटमन टॅरसकडे शिकला, आणि ते त्याच्या वादनात ऐकू येतं. टॅरसने आपली क्लॅरिनेटही त्याला दिली. बाकीच्यांचं मत ऐकायला आवडेल.

ओवी
विषय पूर्ण नवा होता, आज दुपारभर ऐकत बसले. मी व्हायोलिन शिकते (हिंदुस्तानी), त्यामुळे कान लगेच टवकारले. काही धून ऐकताना सारखं वाटत होतं की हे स्वर ओळखीचे आहेत. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार एकत्र, पण भैरव नक्की नाही. हे काय आहे?

मारवा
ओवी, बरोबर पकडलंस. त्या स्वरसप्तकाला ते 'फ्रेगिश' म्हणतात. रे कोमल, ग शुद्ध, म शुद्ध, ध कोमल, नी कोमल. निषाद कोमल असल्यामुळे तो भैरव राहत नाही; स्वर थेट वसंत मुखारीचे आहेत. आणखी एक आहे, कोमल गंधार आणि तीव्र मध्यम असलेलं. ते ऐकून मधुवंती आठवेल, पण तिथे निषाद कोमल असतो आणि मधुवंतीत शुद्ध. कर्नाटकात त्या स्वरांचा हेमवती आहे.

स्वर जुळले म्हणून राग जुळला असं मात्र नाही. आपल्याकडे वसंत मुखारी उलगडायला वेळ घेतो. इथं आठ-आठ मात्रांची वाक्यं असतात, दोन-तीन भाग, प्रत्येक भाग दोनदा, कारण खाली माणसं नाचत असतात. आलापाच्या जवळ जाणारा प्रकार हवा असेल तर 'दोइना' ऐक. रोमानियन मेंढपाळांकडून आलेला, ठेक्याशिवाय, एक वादक मोकळा फिरतो आणि बाकीचे फक्त स्वर धरून ठेवतात. दोइना संपली की लगेच नाचाची धून सुरू होते. जेकब हॉफमनने १९२३ मध्ये हॅरी कँडलच्या वाद्यवृंदासोबत झायलोफोनवर वाजवलेली दोइना आहे, ती चुकवू नकोस. लाकडी पट्ट्यांवर मींड येत नाही, पण त्या माणसाने नुसत्या थरथरत्या ठोक्यांतून स्वर लांबवला आहे.

सांजपर्व
मी जर्मनीत राहते, लायपझिगजवळ. वायमारला दर उन्हाळ्यात यिडिश संगीताची कार्यशाळा भरते, अॅलन बर्न या अमेरिकन पियानो आणि अकॉर्डियनवादकाने ती उभी केली आहे. मी तिथं शिकायला गेले होते म्हणून मारवा यांच्या मुद्द्यावर लिहिते.

वाद्य हातात घेण्याआधी आम्हाला नाचायला लावलं. मग तीच धून तोंडाने गायला लावली. त्यानंतर वाद्य. कागद कोणी दिला नाही. मला आधी वाटलं की हे नवशिक्यांसाठी असेल, पण व्यावसायिक वादकही त्याच रांगेत होते. नाचल्यावर कळतं की 'फ्रेलेख्स' या वर्तुळातल्या नाचाची लय आपल्याला वाटते त्याहून सावकाश असते. म्हातारी माणसं हात धरून वर्तुळात चालतात, त्यांच्या पावलाची ती लय आहे. मंचावरचे बँड तीच धून दुप्पट वेगात वाजवतात, टाळ्या पडतात, पण त्या वेगात कोणी नाचू शकत नाही.

दुसरी गोष्ट 'क्रेख्त्स'. सुराच्या शेवटी गळा दाटून यावा तसा एक क्षणभर तुटलेला स्वर. फिडलवर बोट किंचित वर सरकवून लगेच दाबायचं, आवाज गिळल्यासारखा होतो. शिकवणारे सांगायचे की हे सिनेगॉगमधल्या खझानच्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्याच्या गळ्यातून आलं आहे. आणि ते कुठे घ्यायचं हे यिडिश वाक्याच्या चालीवर ठरतं. म्हणून तिथं संगीतासोबत भाषेचे वर्गही असतात. माझ्यासारखीला जर्मन येत असल्याने शब्द कळायला सोपे गेले, पण वाक्याची लकब वेगळीच आहे.

वायमारपासून बुखेनवाल्डची छळछावणी सात-आठ किलोमीटरवर आहे. तिथं शिकताना हे कोणीच विसरत नाही.

बोरूबहाद्दर
लेख आणि प्रतिसाद दोन्ही उत्तम. पण मला एक गोष्ट फार टोचते, ती मोकळेपणाने लिहितो.

मी क्रॅकोला गेलो होतो. काझिमिएझ हा जुना ज्यू भाग. युद्धाआधी शहराची चौथाई लोकसंख्या ज्यू होती. आज तिथं उपाहारगृहांत संध्याकाळी क्लेझमर वाजतं, वाजवणारे पोलिश, ऐकणारे पर्यटक. दुकानात नाणं धरलेल्या ज्यू म्हाताऱ्याच्या लाकडी बाहुल्या विकायला ठेवलेल्या. ज्यांचं लग्न या संगीतावर लागायचं ती माणसं नाहीत, आणि त्यांचं संगीत जेवणाबरोबर वाढलं जातंय. याला पुनरुज्जीवन म्हणायचं का? मला जेवण गेलं नाही.

सांजपर्व
बोरूबहाद्दर, बाहुल्यांबद्दल मी पूर्ण सहमत आहे. पण काझिमिएझ म्हणजे फक्त उपाहारगृहं नव्हेत. तिथला ज्यू संस्कृती महोत्सव १९८८ मध्ये सुरू झाला, कम्युनिस्ट राजवट असताना, आणि सुरू करणारे तरुण स्वतः ज्यू नव्हते. ज्या विषयावर देशात चाळीस वर्षं कोणी बोलत नव्हतं तो त्यांनी रस्त्यावर आणला. पुढे अमेरिकेतले नामवंत ज्यू वादक तिथं येऊन शिकवू लागले. शेवटच्या रात्री शेरोका रस्त्यावर हजारो माणसं पहाटेपर्यंत ऐकत उभी असतात.

आणि लिओपोल्ड कोझ्लोव्स्की तिथंच राहत होते. ब्रँडवाइनच्याच घराण्यातले, प्शेमिश्लानी गावचे. घरची माणसं मारली गेली, ते स्वतः जंगलातल्या तुकड्यांत लढून वाचले. २०१९ मध्ये शंभरी गाठून गेले, तोवर क्रॅकोतच वाजवत आणि पोलिश गायकांना यिडिश गाणी शिकवत होते. त्यांना हे शिष्य नकोसे वाटले नाहीत.

बोरूबहाद्दर
कोझ्लोव्स्कींबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. त्यांनी शिकवलं असेल तर त्या गायकांचा हक्क मी मान्य करतो. जिथं शिकवणारा कोणी नाही आणि तबकडीवरून उचललेल्या चार धून रोज रात्री वाजतात, तिथं माझी तक्रार तशीच आहे.

मारवा
इथं रोमा (जिप्सी) वादकांची आठवण काढायलाच हवी. रोमानियातल्या मारामुरेश, ट्रान्सिल्व्हेनियात ज्यू आणि रोमा वादक एकमेकांच्या लग्नांत वाजवत. युद्धात तिथले ज्यू गेले, पण त्यांच्या धून गेओर्गे कोवाची या फिडलवादकाच्या आणि त्सिंबलवादक आर्पाद तोनीच्या हातात राहिल्या. दोघेही रोमा. हंगेरीच्या मुझिकाश या मंडळींनी त्यांना सोबत घेऊन १९९३ मध्ये ध्वनिमुद्रण केलं. पन्नास वर्षं लग्नांत या धूनची कोणी फर्माईश करत नव्हतं, तरी त्यांनी त्या लक्षात ठेवल्या होत्या. त्या वाजवण्याचा हक्क त्यांच्याइतका कोणाचा?

सह्यकडा
धागा वाचतोय. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे असं काही होतं का? अलिबाग, पेण, रेवदंडा भागात शनिवार तेली म्हणून त्यांची ओळख होती. माझ्या आजोळी शेजारी एक कुटुंब होतं.

मारवा
सह्यकडा, क्लेझमर नव्हतं. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची भाषा. बेने इस्राएलांची मातृभाषा मराठीच. त्यांच्या संगीताचं वेगळं, स्वतःचं दालन आहे: मराठी कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन अष्टमकर आणि सोबत्यांनी हरिकथेच्या धर्तीवर बायबलमधली आख्यानं मराठी साक्या, दिंड्या आणि आर्यांत रचून गायला सुरुवात केली. बायकांची गाणीही मोठी आहेत. इस्राएलमध्ये गेलेल्या पिढीतल्या स्त्रियांनी ती वह्यांमध्ये उतरवून ठेवली, त्यांवर अभ्यासही झाला आहे. त्यावर कोणी जाणकाराने वेगळा धागा काढला तर मी पहिला वाचक असेन.

पारिजातक
बायकांचा विषय निघाला म्हणून. वर ज्या जेकब हॉफमनच्या झायलोफोनचा उल्लेख आला, त्याची मुलगी एलेन हॉफमन वॉट्स. फिलाडेल्फियाच्या वाजंत्री घराण्यातली ड्रमवादक. कर्टिस या संगीतसंस्थेतून १९५४ मध्ये पदवी घेतलेली, तालवाद्य विभागातली पहिली स्त्री. सिंफनी वाद्यवृंदात तिला काम मिळालं, पण क्लेझमरच्या ताफ्यात ज्यू वादकच तिला घेत नसत, कारण लग्नात बाईने ड्रम वाजवायचा नाही. घरचं संगीत अंगात, आणि वाजवायला मात्र बंदी! पुनरुज्जीवनाने तिला जागा दिली. उतारवयात ती मुलगी सुझन (ट्रंपेट) हिच्यासोबत मंचावर आली आणि २००७ मध्ये तिला अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

म्हणून परंपरा 'जशी होती तशी' परत आणण्याचा आग्रह मला पटत नाही. जशी होती त्यात एलेनला जागा नव्हती. आज अॅलिशिया स्विगल्ससारख्या फिडलवादक शिकवतात, मुली शिकतात. हे त्या संगीताचं भलंच झालं.

मारवा
पारिजातक, तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. १९७० च्या दशकातली मंडळीही काही 'जशी होती तशी' परंपरा घेऊन आलेली नव्हती. स्टॅटमन ब्लूग्रास मँडोलिन वाजवायचा. हेन्री सॅपोझ्निक बँजो शिकायला नॉर्थ कॅरोलिनात टॉमी जॅरेल या जुन्या फिडलवादकाकडे जायचा. तिथं ज्यू मुलांची रीघ पाहून जॅरेलने त्याला विचारलं की तुमच्या लोकांचं स्वतःचं संगीत नाही का? सॅपोझ्निक घरी जाऊन शोधू लागला. पुढे त्याने यिवो या यिडिश संशोधन संस्थेत जुन्या तबकड्यांचा संग्रह उभा केला आणि १९८५ पासून क्लेझकँप हे शिबिर सुरू केलं. डिसेंबरच्या थंडीत कॅट्सकिल डोंगरातल्या हॉटेलात म्हातारे वादक, कॉलेजची पोरं आणि लहान मुलं एकत्र राहायची. २०१४ पर्यंत ते चाललं.

त्याच शिबिरातली एक गोष्ट. गेर्मान गोल्डनश्टेन हा बेसाराबियाचा (बराचसा आजचा मोल्दोव्हा) क्लॅरिनेटवादक. लहानपणीच आईवडील गेले, सैन्याच्या बँडमध्ये शिकला, नंतर नीस्टर नदीच्या दोन्ही काठांवरच्या लग्नांत वर्षानुवर्षं वाजवलं. १९९४ मध्ये ब्रुकलिनला आला तेव्हा त्याच्याकडे स्वतः लिहिलेल्या शेकडो धूनच्या वह्या होत्या. अमेरिकेतले लोक तोवर समजत होते की सोव्हिएत मुलुखात हे संगीत पूर्ण संपलं. तिथं तो माणूस ते पोटापाण्यासाठी वाजवत होता! २००५ च्या शिबिरात त्याचं ध्वनिमुद्रण झालं, पुढच्या वर्षी तो वारला. एक वर्ष उशीर झाला असता तर?

एकतानी
सोव्हिएत बाजूचा उल्लेख झाला, त्यात मोइसेइ बेरेगोव्स्कीबद्दल सविस्तर लिहायला हवं. माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा माणूस तो.

कीव्हमधला संगीत अभ्यासक, जन्म १८९२. त्याच्या आधी १९१२ ते १९१४ या काळात आन-स्की या लेखकाने ज्यू खेड्यांत मोहिमा काढल्या होत्या, सोबत मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेणारं यंत्र. योएल एंगेल आणि झिनोव्ही किसेलगोफ हे संगीतकार त्यांत होते. तो साठा पुढे बेरेगोव्स्कीकडे आला आणि १९३० च्या दशकात त्याने स्वतः गावोगाव फिरून त्यात भर घातली. वादकांना तो प्रश्नावली पाठवायचा: ताफ्यात किती जण, पैसे कसे वाटायचे, नवरीला बसवताना काय वाजवायचं, कोणाकडे शिकलात. धून सगळेच गोळा करतात, वाजवणाऱ्याचं जगणं विचारणारे फार थोडे. माकोनोवेत्स्की नावाच्या म्हाताऱ्या फिडलवादकाने त्याला आपल्या धूनची हस्तलिखितं आणि लग्नाचा क्रम लिहून दिला.

युद्ध चालू असताना आणि संपल्यावर त्याने आणि सहकाऱ्यांनी घेटोंमधून (ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांमधून), छावण्यांतून वाचलेल्या माणसांची, सैनिकांची यिडिश गाणी उतरवली. १९४९ मध्ये त्याची संस्था बंद झाली, १९५० मध्ये त्याला अटक. पाच वर्षं सायबेरियाच्या छावणीत. १९६१ मध्ये तो गेला. वाद्यसंगीतावरचं त्याचं पुस्तक छापून आलं १९८७ मध्ये. नळकांडी युद्धात नष्ट झाली असं सगळे धरून चालले होते. १९९० च्या दशकात कीव्हच्या व्हर्नाद्स्की ग्रंथालयात ती सापडली. युद्धकाळातली गाणीही तिथंच खोक्यांत होती. इतिहासकार अॅना श्टर्नशिस आणि गायक प्सोय कोरोलेंको यांनी ती २०१८ मध्ये ध्वनिमुद्रित केली, त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. दहा वर्षांच्या पोराने रचलेलं गाणं त्यात आहे. ते ऐकायला बसताना एकटे असा.

या माणसाचं नाव ब्रँडवाइनइतकं घेतलं जात नाही, हा अन्याय आहे.

ओवी
एकतानी, वाचून सुन्न झाले. यिडिश गाण्यांचं, म्हणजे शब्दांचं, अजून थोडं लिहाल का? वाद्यांबद्दलच जास्त आलं.

एकतानी
मोर्देखाय गेबिर्तिगपासून सुरुवात करा. क्रॅकोचा सुतार. दिवसभर रंधा मारायचा आणि गाणी रचायचा: बालपणाची, बेकारांची, खिसेकापूंची, आईची. स्वरलेखन त्याला येत नसे, मित्र उतरवून घेत. १९३६ मध्ये प्शितिक गावात ज्यूंवर हल्ला झाला, त्यानंतर 'जळतंय, भावांनो' अशी हाक देणारं गाणं त्याने केलं. ४ जून १९४२ रोजी क्रॅकोच्या घेटोत त्याला गोळी घातली. आज जगभरात यिडिश गाणारा एकही गायक नसेल ज्याने गेबिर्तिग गायलेला नाही.

दुसरं, १९४८ चा उन्हाळा. न्यूयॉर्कच्या हॉटेल मार्सेयमध्ये युरोपातून आलेले निर्वासित राहत होते. बेन स्टोनहिल नावाचा माणूस तारेवर आवाज घेणारं अवजड यंत्र घेऊन तिथं जायचा आणि म्हणायचा, गा. हजाराहून जास्त गाणी त्याने घेतली. मुलं गातात, मागे माणसं बोलतात, कोणी दुरुस्ती करतं. मंचावरच्या कुठल्याही गाण्यापेक्षा मला ती जवळची वाटतात.

आणि नवी गाणीही होत राहिली. बेले शेख्टर-गॉटेसमन या चेर्नोव्हित्समध्ये वाढलेल्या कवयित्रीने ब्राँक्समध्ये बसून यिडिशमध्ये गाणी लिहिली. तिला २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

सह्यकडा
एक शंका. यिडिश बोलणारे आता कोण उरलेत? म्हणजे ही गाणी कोणाला कळतात?

सांजपर्व
रोज घरात बोलणारे बहुतांशी हसिदी, म्हणजे कर्मठ पंथाचे, ज्यू. ब्रुकलिनचं विल्यम्सबर्ग, लंडनचं स्टॅमफर्ड हिल, अँटवर्प, जेरुसलेम. मुलं भरपूर, त्यामुळे भाषा तिथं वाढते आहे. पण ते या मैफलींना येत नाहीत. स्त्री-पुरुष एकत्र गाणं त्यांना चालत नाही आणि त्यांच्या लग्नातलं संगीतही आता कीबोर्डवरचं असतं. दुसरीकडे आमच्यासारखे, वर्गात भाषा शिकलेले. दोन्ही गटांच्या मध्ये फार थोडी माणसं ये-जा करतात. युद्धानंतरच्या दशकांत मात्र टॅरस आणि एपस्टाईन बंधू ब्रुकलिनच्या हसिदी लग्नांतच वाजवून पोट भरत होते. म्हणजे पुनरुज्जीवन करणारी पोरं येईपर्यंत त्या म्हाताऱ्यांचा हात चालू राहिला तो हसिदी लग्नांमुळे. याचं श्रेय त्यांना क्वचितच दिलं जातं.

मारवा
सांजपर्व, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या मूळ मुद्द्याला यानेच बळ मिळतं.

ओवी, ऐकण्याचा क्रम विचारला होतास खाजगी निरोपातून, इथंच देतो, सगळ्यांना उपयोगी पडेल. आधी ब्रँडवाइनच्या १९२० च्या दशकातल्या तबकड्या, मग टॅरस. एक लक्षात ठेव, त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर फिडल आणि त्सिंबलचा आवाज नीट उमटत नसे, म्हणून तबकड्यांवर क्लॅरिनेट आणि पितळी वाद्यं पुढे दिसतात. जुन्या ताफ्याचा आवाज तसा नव्हता. तो ऐकायचा तर १९९० नंतर बुडोविट्झ या मंडळींनी आणि फेल्डमनने त्सिंबलवर केलेलं काम ऐक. त्यानंतर क्लेझमॅटिक्स. १९८६ पासूनचे, रॉक आणि जॅझ मिसळणारे, ग्रॅमी मिळालेले. त्यांच्याकडून सुरुवात केलीस तरी चालेल, फक्त तिथंच थांबू नकोस.

सांजपर्व
ओवी, व्हायोलिन वाजवतेस म्हणून आणखी एक. किसेलगोफ आणि माकोनोवेत्स्कीची कीव्हमधली हस्तलिखितं क्लेझमर इन्स्टिट्यूटने २०२० पासून जगभरच्या स्वयंसेवकांकडून उतरवून घेतली आहेत. हजाराहून जास्त धून, फुकट उपलब्ध. स्टाफ नोटेशन वाचता येत असेल तर थेट वाजवता येतील.

ओवी
येतं थोडंफार. माकोनोवेत्स्कीच्या नवरीला बसवण्याच्या धूनपासून सुरुवात करते. क्रेख्त्स कसा घ्यायचा ते दाखवणारं काही असेल तर पाठवा ना, बोट नेमकं किती वर सरकवायचं ते लिहून कळत नाहीये.

सांजपर्व
रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ये, व्हायोलिन घेऊन बस. दाखवते. आधी तोंडाने गायचं मात्र.